मुलांच्या गुडघ्यांतील बाक आणि वाढीचे वय
(ट्रॉम्बे परिसरातील शिक्षक, अंगणवाडी सेविका व आरोग्य कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव वैद्यकीय असले, तरी त्याचा आरंभ शाळेच्या पटांगणात होतो. कवायतीसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांमध्ये एखाद्याचे दोन्ही गुडघे एकमेकांना टेकलेले आणि घोटे मात्र दूर राहिलेले आपल्या दृष्टीस पडतात. असे मूल धावताना पाय बाहेर फेकते, वारंवार पडते, लवकर थकते आणि हळूहळू खेळातून अंग काढून घेते. त्याला आळशी म्हटले जाते, क्वचित चिडवलेही जाते. या व्यंगाला वैद्यकीय परिभाषेत 'जेनू व्हॅल्गम' आणि डॉक्टरांच्या नित्याच्या बोलण्यात 'नॉक-नी' असे म्हणतात. हाडांच्या वाढीच्या विकारामुळे निर्माण झालेला हा बाक शस्त्रक्रियेने सरळ करता येतो. तथापि, त्यासाठी जी सर्वांत सोपी व सुरक्षित शस्त्रक्रिया आहे, ती मुलाची वाढ चालू असेपर्यंतच उपयोगी पडते. म्हणूनच हा विषय केवळ शल्यचिकित्सकांचा नसून, मुलाला रोज पाहणाऱ्या आपणा सर्वांचा आहे.

प्रत्येक बाक रोगाचा नसतो

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नुकत्याच जन्मलेल्या बालकाचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतात. दीड-दोन वर्षांच्या सुमारास ते सरळ होतात. त्यानंतर गुडघे आत वळू लागतात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी हा बाक सर्वाधिक असतो. सात-आठ वर्षांपर्यंत तो आपोआप कमी होऊन पाय प्रौढ माणसाच्या पायांसारखे दिसू लागतात. हा निसर्गक्रम फिनलंडमधील संशोधकांनी १९७५ साली शेकडो मुलांच्या मोजमापांवरून स्पष्टपणे मांडला. तेव्हा चार वर्षांच्या धडधाकट मुलाचे गुडघे टेकलेले पाहून घाबरण्याचे कारण नाही. त्याला मालिश, पट्टे किंवा खास बूट यांचीही गरज नाही.

मग काळजी केव्हा करावी? मुलाला अनवाणी उभे करावे, गुडघ्यांच्या वाट्या समोर असाव्यात आणि गुडघे एकमेकांना हलकेच टेकलेले असावेत. या स्थितीत दोन घोट्यांच्या आतील उंचवट्यांमधील अंतर मोजावे. ते सुमारे आठ सेंटिमीटरांपेक्षा, म्हणजे प्रौढ माणसाच्या चार बोटांच्या रुंदीपेक्षा, अधिक भरले तर मुलाला डॉक्टरांना दाखवावे. सात वर्षांनंतरही बाक कमी न होता वाढत असेल, एकाच पायाला बाक असेल, गुडघा दुखत असेल किंवा चाल लंगडी असेल, तर अंतर कमी भरले तरी तपासणी आवश्यक आहे. वर्गातील इतर मुलांच्या मानाने उंची फार कमी असणे, मनगटे जाड दिसणे आणि घरात दुसऱ्या कोणाचे असेच पाय असणे, ही हाडांच्या वाढीच्या विकाराकडे बोट दाखविणारी लक्षणे होत.

हाड वाढते कसे आणि वाकते का

मुलाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. हाडाची लांबी तिथेच वाढते. पायाच्या एकूण लांबीत भर घालण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम गुडघ्याभोवतीच्या दोन चकत्या करतात. मांडीच्या हाडाचे खालचे टोक दरवर्षी साधारण एक सेंटिमीटर, तर नडगीच्या हाडाचे वरचे टोक सुमारे सहा मिलिमीटर वाढते. मुलींमध्ये साधारण चौदाव्या आणि मुलांमध्ये सोळाव्या वर्षाच्या सुमारास या चकत्यांचे हाडात रूपांतर होऊन वाढ थांबते.

चकतीवर सतत जादा दाब पडला की तेथील वाढ मंदावते, हे एकोणिसाव्या शतकातच युरोपीय वैद्यांच्या ध्यानात आले होते. गुडघा आत वळला की शरीराचा भार गुडघ्याच्या बाहेरील अर्ध्या भागावर अधिक पडू लागतो. तेथील वाढ मंदावते, आतील बाजूची चालूच राहते आणि बाक आणखी वाढतो. वाढलेला बाक पुन्हा दाब वाढवितो. निरोगी चकती या दुष्टचक्राला काही प्रमाणात तोंड देऊ शकते. परंतु चकतीच मुळात दुबळी असेल, तर तिचा निभाव लागत नाही.

चकती दुबळी होण्याची कारणे

या कारणांत आपल्याकडे सर्वांत परिचित म्हणजे मुडदूस. 'ड' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम पुरेसे न मिळाल्यास चकतीतील नवे हाड टणक होत नाही आणि शरीराच्या भाराने पाय वाकतात. 'ड' जीवनसत्त्व मुख्यतः सूर्यप्रकाशामुळे त्वचेत तयार होते. उन्हाच्या या देशात मुडदूस कसा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर शोधण्यास ट्रॉम्बेच्या बाहेर जावे लागत नाही. मानखुर्द-गोवंडीतील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या पुनर्वसन वसाहतींचा 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने केलेला अभ्यास २०१८ साली पुढे आला. तो अभ्यास क्षयरोगाविषयी होता. परंतु इमारती एकमेकींना इतक्या लगटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन व हवा पुरेशी पोहोचत नाही, हा त्यातील निष्कर्ष हाडांच्या दृष्टीनेही विचार करण्याजोगा आहे. ज्या घरात दिवसा दिवा लावावा लागतो, त्या घरातील मूल पटांगणात आले नाही तर त्याला ऊन मिळणार कोठून?

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सूर्योदयाच्या वेळचे कोवळे ऊन सुखद असते, पण त्या वेळी 'ड' जीवनसत्त्व फारसे तयार होत नाही. सकाळी अकरापासून दुपारी दोनपर्यंतच्या उन्हात, हातपाय उघडे ठेवून काही वेळ खेळणे अधिक उपयुक्त ठरते. काचेच्या बंद खिडकीतून येणारे ऊन या कामी निरुपयोगी असते. कॅल्शियमसाठी दूध हे उत्तमच; परंतु ते परवडत नसेल तर नाचणी आणि तीळ आहेत, आणि ट्रॉम्बेच्या कोळीवाड्याला परिचित असलेला जवळाही आहे. जे लहान मासे काट्यासकट खाल्ले जातात, ते कॅल्शियमचे चांगले साधन होय.

मुंबईच्या या वस्त्यांत राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे राहतात. म्हणून मूल बालपणी कोणत्या गावचे पाणी प्याले, हेही विचारले पाहिजे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्याने दात डागाळतात आणि हाडे विकृत होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी व कृष्णस्वामी यांनी १९७३ साली फ्लोराइडग्रस्त भागातील तरुण व मुलांमध्ये आढळणाऱ्या या गुडघ्यांच्या बाकाचे वर्णन जगापुढे ठेवले. आहारात कॅल्शियम कमी असेल तेथे फ्लोराइडचा घाव अधिक खोल बसतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. विंधनविहिरीच्या पाण्याची तपासणी करून घेणे आणि सदोष स्रोत पिण्यासाठी बंद करणे, हे ग्रामपंचायतीच्या हाती असलेले काम आहे. एका मुलाचा पाय शल्यचिकित्सक सरळ करील. गावातील पुढच्या मुलांचे पाय पंचायतीनेच वाचवावयाचे आहेत.

तिसरा गट जन्मजात विकारांचा. काही कुटुंबांत मूत्रपिंडावाटे फॉस्फेट वाहून जाते आणि 'ड' जीवनसत्त्वाला दाद न देणारा मुडदूस होतो. काही मुलांच्या चकत्यांची घडणच सदोष असते. 'मॉर्कियो' या विकारात विशिष्ट विकराच्या अभावी कूर्चेत नको असलेली द्रव्ये साठत जातात. उंची खुंटते आणि गुडघे तीव्रतेने आत वळतात. या मुलांची बुद्धी सामान्यतः इतरांइतकीच चांगली असते, ही गोष्ट शिक्षकांनी आवर्जून ध्यानात ठेवावी. त्यांच्या मानेचे वरचे मणके मात्र अस्थिर असू शकतात. म्हणून कोलांटी, डोक्यावर ओझे आणि धसमुसळे खेळ त्यांना वर्ज्य होत.

आधी निदान, मग शस्त्रक्रिया

मूळ विकार तसाच ठेवून केवळ पाय सरळ केला, तर बाक परत येतो. यासाठी कमरेपासून घोट्यापर्यंत उभ्या स्थितीतील क्ष-किरण चित्र, मनगटाचे चित्र, तसेच रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज व मूत्रपिंडाच्या कार्याच्या तपासण्या आधी केल्या जातात. आहाराच्या अभावाने झालेला मुडदूस लहान वयात औषधोपचाराने बरा होतो, आणि त्याबरोबर पायाचा बाकही बराचसा कमी होतो. अशा मुलाला शस्त्रक्रियेची घाई करू नये. औषधांनी हाड सुधारल्यावरही जो बाक उरतो, तोच शस्त्रक्रियेचा विषय होय. मॉर्कियोसारख्या विकारात भूल देण्यापूर्वी मानेची तपासणी अनिवार्य असते. म्हणून अशा मुलांची शस्त्रक्रिया अनुभवी भूलतज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयातच झाली पाहिजे.

क्ष-किरणांविषयी पालकांच्या मनात भीती असते. रोगनिदानासाठी वापरल्या जाणाऱ्या क्ष-किरण यंत्रांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले आणि त्याचे कार्यालय आपल्या शेजारी अणुशक्तीनगरातच आहे. आवश्यक तेवढीच चित्रे योग्य दक्षता घेऊन काढली, तर त्यांपासून होणारा लाभ धोक्याच्या मानाने फार मोठा असतो.

वाढीला दिशा देणारी शस्त्रक्रिया

या शस्त्रक्रियेचा इतिहास बोधप्रद आहे. ग्लासगो हे एकोणिसाव्या शतकातील स्कॉटलंडचे औद्योगिक शहर. दाट वस्ती, कोंदट चाळी आणि धुराने झाकलेले आकाश यांमुळे तेथे मुडदुसाचा कहर होता. तेथील शल्यचिकित्सक विल्यम मॅक्युएन यांनी जंतुविरहित पद्धतीने मांडीचे हाड गुडघ्याच्या वर कापून पाय सरळ करण्याची शस्त्रक्रिया रूढ केली आणि १८८० साली त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे १९४९ साली अमेरिकेतील ब्लाउंट व क्लार्क यांनी वेगळी दिशा दाखविली. हाड कापण्याऐवजी त्यांनी चकतीच्या एका बाजूला धातूचे आकडे ठोकून त्या बाजूची वाढ रोखली. कल्पना उत्तम होती, परंतु आकडे निखळत किंवा मोडत. २००७ साली अमेरिकेतील युटा येथील पीटर स्टीव्हन्स यांनी दोन स्क्रू व एक छोटी पट्टी वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज जगभर व आपल्याकडेही हीच पद्धत प्रामुख्याने वापरली जाते.

तिचे तत्त्व साधे आहे. गुडघ्याच्या आतील बाजूस लहानसा छेद घेतात. हाडाच्या आवरणावर बोटाच्या पेराएवढी पट्टी ठेवून एक स्क्रू चकतीच्या वर व दुसरा चकतीच्या खाली बसवितात. चकतीला धक्का लावीत नाहीत आणि हाड कापत नाहीत. पट्टीमुळे आतील बाजूची वाढ आवरली जाते, बाहेरील बाजूची चालू राहते आणि महिन्यामहिन्याने पाय सरळ होत जातो. दाराची बिजागरी एका कडेला असते आणि दुसरी कडा फिरते, तसाच हा प्रकार. मूल एक-दोन दिवसांत चालू लागते. प्लास्टर लागत नाही आणि काही आठवड्यांत शाळेत पूर्ववत वावरते. निरोगी चकतीत सुधारणा महिन्याला साधारण एक अंशाच्या आसपास होते आणि एक ते दीड वर्षात पाय सरळ होतो. विकारग्रस्त चकती मुळातच सावकाश वाढते. त्यामुळे अशा मुलांना अधिक काळ लागतो, आणि म्हणूनच त्यांची शस्त्रक्रिया तुलनेने लवकरच्या वयात करावी लागते.

या पद्धतीत पाय सरळ करण्याचे काम मुलाची स्वतःची वाढ करते. पट्टी तिला केवळ वळण लावते. वाढच संपली असेल, तर पट्टी बसवून काहीही साधत नाही.

वेळ निघून गेल्यावर

मुलाच्या पायाकडे लक्ष जाते, पण 'मोठा झाला की होईल सरळ' असे म्हणून वर्षे निघून जातात. मुलींच्या बाबतीत तर लग्नाचा विषय निघाल्यावर प्रथमच डॉक्टरांकडे आणले गेल्याचेही आढळते. त्या वेळी तिच्या चकत्या बंद होऊन तीन-चार वर्षे लोटलेली असतात. मुलीची वाढ मुलापेक्षा दोन वर्षे आधी थांबते. म्हणजे तिच्यासाठी निर्णय आधी व्हावयास हवा. घडते ते नेमके उलट.

अशा वेळी हाड कापून सरळ करण्याचा मार्ग उरतो. तो निरुपयोगी नाही. कुशल हातांनी केल्यास त्याचे परिणाम चांगले असतात. परंतु शस्त्रक्रिया मोठी, हाड जुळेपर्यंत काही महिने विश्रांती आणि धोकेही अधिक. तीव्र बाक एकाच वेळी सरळ केला तर गुडघ्याच्या बाहेरील बाजूने जाणारी मज्जा ताणली जाऊन पाऊल लुळे पडण्याचा संभव असतो. हा धोका टाळण्यासाठी काही वेळा सोव्हिएत शल्यचिकित्सक इलिझारोव्ह यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कड्यांच्या चौकटीने हाड हळूहळू सरळ केले जाते. उपचार केलाच नाही, तर गुडघ्याची बाहेरील बाजू झिजते, वाटी सरकू लागते आणि तरुणपणीच संधिवात जडतो. अंगमेहनतीवर पोट असलेल्या कुटुंबात याचा अर्थ कमावता हात अकाली थांबणे, असाच होतो.

पट्टी काढण्याची आठवण

पट्टीची शस्त्रक्रिया छोटी असली, तरी तिच्यामागे एक मोठी जबाबदारी येते. दर तीन महिन्यांनी मुलाला तपासणीसाठी न्यावे लागते. पाय सरळ होताच पट्टी काढावी लागते. ती वेळेवर काढली नाही तर वाढ त्याच दिशेने चालू राहून पाय उलट बाजूस, म्हणजे बाहेर, वाकतो. पट्टी काढल्यावरही विकारग्रस्त मुलांत बाक काही प्रमाणात परतू शकतो. म्हणून वाढ संपेपर्यंत लक्ष ठेवावे लागते व क्वचित पट्टी पुन्हा बसवावी लागते.

ट्रॉम्बेसारख्या ठिकाणी ही अडचण विशेष जाणवण्याजोगी आहे. येथील वस्त्यांनी स्थलांतर पाहिले आहे. १९७६ साली जनता कॉलनी हलवून चीता कॅम्प वसविण्यात आला. पुढे रस्ते व रेल्वे यांच्या प्रकल्पांनी विस्थापित झालेली कुटुंबे मानखुर्दच्या इमारतींत आली. भाड्याची खोली बदलली की रुग्णालयाचे पत्र जुन्या पत्त्यावर जाते. पाच-सहा वर्षांच्या बालकाच्या पायात बसविलेली पट्टी अशा धावपळीत विसरली जाणे कठीण नाही. शाळेच्या आरोग्यपत्रकात 'पट्टी बसविली', 'पुढील तपासणी' आणि 'पट्टी काढली' अशा तीन नोंदी ठेवाव्यात. शाळा बदलताना दाखल्यासोबत ही माहिती नव्या शाळेकडे जावी. एवढ्याने मोठा अनर्थ टळेल.

साहाय्य कोठे मिळते

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हा त्याचा हेतू असून, 'ड' जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा मुडदूस त्याच्या यादीत समाविष्ट आहे. पथकाची भेट अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा अपेक्षित असते. त्या दिवशी घाईघाईने उभ्या केलेल्या रांगेत सर्व मुले तपासून होतीलच असे नाही. शिक्षकांनी शंकास्पद मुलांची यादी आधीच तयार ठेवली तर भेटीचे सार्थक होते.

मुंबईत परळचे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ पासून मुलांच्या सेवेत आहे. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय ट्रॉम्बेहून जवळ आहे. परळच्या केईएम रुग्णालयाला २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली उत्कृष्टता केंद्राचा दर्जा आहे. मॉर्कियोसारख्या विकाराची शंका असल्यास तेथे विचारणा करावी. जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये व जिल्हा रुग्णालये मार्गदर्शन करतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार कोणत्या रुग्णालयात मिळतात, हे तेथील आरोग्यमित्र सांगतात. ज्यांची उंची विकारामुळे खुंटली आहे त्यांच्यासाठी २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात स्वतंत्र वर्ग आहे. त्याचा दाखला मिळवून देण्यात शिक्षक व लोकप्रतिनिधी मोलाचे साहाय्य करू शकतात.

शस्त्रक्रियेकडून अवास्तव अपेक्षाही नसावी. ती पाय सरळ करते, वेदना व झीज टाळते. मूळचा आनुवंशिक विकार बरा करीत नाही आणि खुंटलेली उंची परत देत नाही. पालकांना हे आधीच सांगितले, तर त्यांचा विश्वास टिकतो आणि ते पुढील तपासण्यांना येत राहतात.

मित्रहो, पोलिओच्या मोहिमेत याच शिक्षकांनी, याच अंगणवाडीताईंनी घरोघर जाऊन मुले शोधली आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आजचे काम त्या मानाने फार लहान आहे. वर्षाच्या आरंभी उंची व वजन घेतानाच प्रत्येक मुलाच्या घोट्यांमधील अंतर मोजावे, ते पत्रकात लिहावे आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. अंतर वाढले असेल तर पालकांना शाळेत बोलावून समजावून सांगावे आणि मूल रुग्णालयात पोहोचले की नाही याची चौकशी करावी. यंदाच्या सत्रापासून प्रत्येक शाळेने याचा प्रारंभ करावा, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.